सुखदेवसारखंच ऑपरेशन

पांढुर्णा,
दि. १६ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्र सुखदेव यास,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की मी तुझी नक्कल केली आहे. चौथीत तुझ्या पाटीवरून गणिते उतरवत होतो, बहात्तराव्या वर्षी तुझा आजार उतरवला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी परवा सांगितले की गुदाशयात गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे. घाबरू नकोस, लवकर सापडली म्हणतात. माझा पोरगा गजेंद्र मात्र घाबरला. गाडीत नागपूरपासून पांढुर्ण्यापर्यंत मीच त्याला रस्त्याकडेच्या संत्र्याच्या बागा दाखवत आलो, की पाहा, यांची फळगळ आपल्यापेक्षा जास्त दिसून राहिली.

रक्त चैत्रापासून जात होते. मी समजलो उष्णता. सून उर्वशीने ताक दिले, मी गुलकंद खाल्ला, एका वैद्याने मूळव्याधीची पुडी दिली. असे पाच महिने गेले. शेवटी संडासातले रक्त गजेंद्रच्या नजरेस पडले आणि त्याने मला उचललेच. जयवंता असती तर चैत्रातच उचलले असते. ती जाऊन नऊ वर्षे झाली, तरी दुखले-खुपले की आधी तिलाच सांगायला तोंड उघडते.

आता मनातले लिहितो, हसू नकोस. बाईंनी आजाराचे नाव घेतले आणि मला पहिला तू आठवलास. दुसऱ्या क्षणी तुझा हेवा वाटला. तुझा आवाज चांगला, म्हणून गुरुजी कविता तुलाच म्हणायला लावत आणि मी नुसता ओठ हलवत असे. तुझे केस अजून काळे. तुझी वत्सला अजून तुझ्यासमोर ताट वाढते. आणि हा आजारही तुझ्या वाट्याला आला तो शहाण्यासारखा आला. २०२०च्या मार्चमध्ये तुझे ऑपरेशन झाले, लगेच टाळेबंदी लागली, मला येता आले नाही. तू पत्रात लिहिले होतेस की दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, चौथ्या दिवशी घरी, पोटावर ओरखडाही नाही. ते पत्र काल पुन्हा काढून वाचले. यंदा मार्चमध्ये तुझी पाच वर्षे पूर्ण झाली, डॉक्टरांनी तुला मोकळे केले.

तर मी ठरवले आहे की बाईंना सांगायचे, मला सुखदेवसारखंच ऑपरेशन करा. तुझ्या डॉक्टरांचे नाव कळव.

यंदा पोळ्यानंतरच्या गोटमारीलाही तू आला नाहीस. आपण दोघे जाम नदीकाठच्या गच्चीवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर फेकतात ते दगड मोजत असू. आता पाच वर्षे मी एकटाच मोजतो. मोठा माणूस झालास तू. शर्टही खोचत नाहीस, लांब कुडते घालून पुढाऱ्यासारखा फिरतोस असे कानावर आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तितका राहू दे, वाढवायला आता जागा कुठे आहे?

तुझा,
नत्थू कळंबे

---

सौंसर,
दि. २० सप्टेंबर २०२५

प्रिय नत्थू,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझे पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसलो. वत्सलेने दोनदा चहा आणला, दोनदा थंड झाला. तिने काय झाले विचारले तेव्हा पत्रच तिच्या हाती दिले. ती वाचून आत गेली आणि आज दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलते. तिचे कारण वेगळे आहे, ते कधी सांगेन.

नत्थू, एक ऐक. माझे उदाहरण घेऊ नकोस. प्रत्येकाचे शरीर वेगळे, गाठीची जागा वेगळी. कोणाची वर असते, कोणाची अगदी तोंडाशी. बाई सांगतील तसे कर. माझे डॉक्टर आता नागपुरात नाहीत, त्यामुळे नाव कळवून उपयोग नाही. आणि तो तंबाखूचा खर्रा सोड. तो तोंडात धरून तू हे पत्र लिहिलेस, कागदावर डाग आहे. चाळीस वर्षे पोस्टात काढली, खर्ऱ्याचा डाग मला लगेच ओळखू येतो.

बाकी आमचे सौंसर आहे तिथेच आहे. तुम्ही जिल्ह्याचे लोक, आम्ही आपले तालुक्याचे. दोन वर्षे झाली जिल्हा होऊन, तरी पांढुर्ण्याहून कोणी आला की कलेक्टरच आल्यासारखा बोलतो. मूग निघाले. कापूस अजून पंधरा दिवस. केस काळे आहेत ते मेंदीमुळे, त्याचा हेवा करू नकोस.

गोटमारीला यायला जमले नाही. गर्दी सहन होत नाही आता.

काळजी घे. माया कमी करू नकोस, नंतर काही कळले तरी करू नकोस.

तुझा,
सुखदेव सोमकुवर

---

पांढुर्णा,
दि. २८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुखदेव यास,
स. न. वि. वि.

तू पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालास, वकील म्हणून नाही. मग हे असे जपून जपून काय लिहिलेस? मित्राने नाव विचारले तर म्हणे डॉक्टर नागपुरात नाहीत. साध्या माणसाला कळते की तुला मिळाले ते दुसऱ्याला मिळू नये असे तुला वाटून राहिले. नववीत कवितेची वही दडवून ठेवली होतीस तसेच हे.

परवा पुन्हा नागपूरला गेलो. मोठ्या मशीनमध्ये तासभर निजवले, आत ठोकाठोक चालली होती. मी डोळे मिटून बालपणीच्या कविता एकामागून एक मनात म्हणत गेलो, चालीसकट. मशीन बंद झाले तेव्हा मी नदीकाठच्या बगळ्यांपाशी पोचलो होतो.

बाईंनी मला मुलासारखे समजावले. गाठ पहिल्याच टप्प्यात आहे, पण त्या टप्प्याच्या शेवटच्या पायरीवर. स्नायूत शिरली आहे, आजूबाजूच्या, सगळ्यांच्याच पोटात असतात त्या लहान रसगाठींपर्यंत गेलेली दिसत नाही. मी त्यांना विचारले की माणूस वाचतो तो कशाकशाने? मास्तर आहे, उत्तरपत्रिका कशी तपासतात हे आधी माहीत हवे. त्यांनी सांगितले. गाठ किती खोल गेली, ती पूर्ण निघाली का, आसपासच्या गाठी पुरेशा काढून तपासल्या का, पेशी किती आडदांड आहेत. मग वय, रक्त, साखर, तंबाखू. आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी विचारले की घरी कोण आहे. म्हणे ज्यांच्या घरी जोडीदार असतो ते सरासरीने जास्त जगतात, असे दिसून आले आहे. वेळेवर तपासणीला कोणीतरी हाताला धरून नेते, खाल्ले की नाही बघते.

सुखदेव, तो प्रश्न आला आणि मी मनातच माझे मार्क मोजले. तंबाखूत नापास, रक्तात नापास, आठच निघाले. वयात काठावर. आणि जोडीदारात पेपरच कोरा. तुझे सगळे पेपर पहिल्या वर्गातले. वत्सलावहिनी तुझ्या शेजारी बसल्या आहेत असे मला डोळ्यांसमोर दिसले, आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला माझ्या गाठीपेक्षा तुझा राग जास्त आला.

पुढचे ऐक. गाठ अगदी खाली आहे म्हणून बाई म्हणतात, सगळे काढायचे, खालची वाट शिवून बंद करायची आणि पोटावर डावीकडे कायमची पिशवी लावायची. जन्मभर. तसे केले तर शंभरातले नव्वदच्या आसपास पाच वर्षे पार करतात. नुसते खरवडून काढले तर पुन्हा उगवण्याची भीती बरीच, आणि मग हाती काही राहत नाही.

मी स्पष्ट नाही म्हटले. पोटावर घाण बांधून मी सुनेसमोर जेवायला बसू? शाळेच्या पोरांच्या लग्नात जाऊ? मी बाईंना तुझी गोष्ट सांगितली. सौंसरच्या माझ्या मित्राची अशीच गाठ, अशाच जागी, छोट्या ऑपरेशनने गेली आणि तो पाच वर्षे ठणठणीत आहे. बाई म्हणाल्या की कागद पाहिल्याशिवाय त्या काही बोलणार नाहीत. मी हटून बसलो. शेवटी त्या म्हणाल्या की सगळा धोका समजावून सांगितला असे लिहून सही द्यावी लागेल. मी देणार आहे. दिवाळीनंतर २७ ऑक्टोबरला छोटे ऑपरेशन ठरले.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाशील तेव्हा माझ्या वाट्याचाही हात जोड.

रागावलो असलो तरी मी तुझाच आहे. दुसरा कोणी घेणार नाही.

नत्थू

---

पांढुर्णा,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. सुखदेवकाका यांस,
गजेंद्रचा शि. सा. नमस्कार.

काका, तुम्हाला चार वेळा फोन केला, काकूंनी उचलला आणि म्हणाल्या की काका बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत, पत्र लिही, पत्र ते वाचतातच. माझे शिक्षण हिंदीत झाले आहे, चुकलेमाकलेले समजून घ्या.

बाबा कोणाचेच ऐकून नाही राहिले. उर्वशी रडली, माझे सासरे येऊन गेले. बाबांचे एकच, की सुखदेव जगला ना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की तुमच्या वडिलांकडे आज जी संधी आहे ती फार थोड्या पेशंटला मिळते, आणि ते ती हाताने घालवून राहिले. मी विचारले की मग आमच्या काकांना कसे काय जमले? डॉक्टर म्हणाल्या की त्यांची गाठ वेगळी असेल किंवा ऑपरेशन वेगळे असेल, त्यांची फाइल आणा.

काका, तेवढी फाइल मला द्या. रविवारी मोटरसायकलने येऊन घेऊन जातो. तुमची गाठ वेगळी होती एवढे बाबांना दाखवता आले तरी पुष्कळ आहे. आई गेली तेव्हा मी शहाणा नव्हतो. आता आहे, आणि तरी काही करता येऊन नाही राहिले.

काकूंना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

गजेंद्र

---

सौंसर,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय नत्थू,
सप्रेम जयभीम.

रविवारी गजेंद्र आला. मी त्याला फाइल दिली नाही, परत पाठवले. आधी तुला मी सांगायचे, मग कागदांनी.

माझे छोटे ऑपरेशन झालेले नाही. माझी गाठ तुझ्यासारखीच खाली होती आणि तुझ्यासारखीच स्नायूत होती. माझे सगळे काढले आहे. खालची वाट बंद आहे. पोटावर डावीकडे पिशवी आहे, साडेपाच वर्षांपासून. लांब कुडते तिच्यासाठी. गोटमारीच्या गर्दीत कोणाचा कोपर लागेल म्हणून येत नाही. दीक्षाभूमीवर पाच वर्षे गेलो नाही, यंदाही नाही. तुझ्या घरी मुक्काम करत नाही तोही त्याचसाठी. मी जगलो तो त्या मोठ्या ऑपरेशनने जगलो. खरवडून घेतले असते तर तुला हे पत्र कोण लिहिते?

खोटे का बोललो ते लिहितो. एकदाच लिहीन.

आपल्या शाळेत आमची रांग दाराजवळ होती, तुला आठवत असेल किंवा नसेल. मधे हातभर जागा सोडत. पोरे आमच्या बाजूने जाताना नाक धरत, गंमत म्हणून. तू एक दिवस कवितेची चाल शिकायला म्हणून आमच्या रांगेत आलास आणि उठलाच नाहीस. गुरुजींनी दोनदा सांगितले तरी नाही. त्या दिवसापासून नाक धरणारे माझ्या लक्षात राहिले नाहीत, तू राहिलास. हॉस्पिटलात शुद्धीवर आलो, पोटाला हात लागला आणि पहिला विचार आला तो हा, की आता खरोखरच वास येईल. आता नत्थूही हातभर सरकेल. सगळे सरकले तरी चालले असते. म्हणून टाळेबंदीत बसून तुला ते पत्र लिहिले.

हे अर्धे झाले. उरलेले अर्धे लिहायला जास्त लाज वाटते. तू उत्तरात लिहिले होतेस की सुखदेवा, तुझ्या नशिबाचा हेवा वाटतो. ते वाचून मला बरे वाटले. तुझ्या घरी बाग, तुझ्या घरी मास्तरकी, गावात मान. साठ वर्षे मी तुझ्याकडे पाहत आलो, बोललो नाही इतकेच. आवाजाचे काय, आवाजाने घर चालत नाही. पहिल्यांदा मी पुढे होतो आणि तू मागून पाहत होतास. ते मला सोडवेना. दर पत्रात थोडे आणखी खोटे घालत गेलो. आणि आता त्याच खोट्यावर तू सही करून मरायला निघालास.

फाइल आज रजिस्टरने पाठवली आहे. बाईंना दाखव. पिशवीने माणूस मरत नाही. मी जेवतो, झोपतो, बाजारात जातो. वास येत नाही. नीट लावली तर शेजारच्यालाही कळत नाही. तुलाच कुठे कळले?

वत्सला दोन दिवस बोलली नाही ती यासाठी. तिने पहिल्या दिवशीच सांगितले होते की आजच्या आज कळवा. मी वीस दिवस घेतले.

लोभ मागायला तोंड नाही. तुझे तू ठरव.

सुखदेव

---

पांढुर्णा,
दि. १७ ऑक्टोबर २०२५

सुखदेव यास,

मायना लिहायला बसलो तर हात उठला नाही, म्हणून नुसते नाव.

फाइल बाईंना दाखवली. त्यांनी पाने उलटली, एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या की तुमच्या मित्राचे ऑपरेशन फार चांगले झाले आहे, चौदा गाठी तपासल्या, चौदाही निर्मळ. मी तिथेही तुझे मार्क पाहून जळलो. काय करू, खोड आहे.

छोटे ऑपरेशन रद्द केले. सहीचा कागद गजेंद्रने तिथेच फाडला.

पण तुला सुटका नाही. तू हातभराची गोष्ट लिहिलीस. मला ती रांग आठवत नव्हती, सुखदेव. तुझा आवाज आठवत होता, खिडकीतले ऊन आठवत होते, भिंतीवरच्या नकाशाचा ओला वास आठवत होता. रांगच तेवढी आठवत नव्हती. माझ्या शाळेच्या आठवणी इतक्या गोड का, ते मला या वयात तुझ्या पत्रातून कळले. हे समजून घेतो तोवर दुसरे समोर आले, की ज्याला रांगेत येऊन बसणारा म्हणतोस त्याच्यावर तू पाच वर्षे एवढाही भरवसा ठेवला नाहीस. वहिनींवर ठेवलास. त्यांना सगळे माहीत होते, मला काहीच नाही. म्हणजे हेवा करायला आता वहिनीही आल्या.

मोठे ऑपरेशनही मी करणार नाही. तुझे खोटे गेले तरी माझा पेपर कोराच आहे. तुझी पिशवी वत्सला लावते, हे तू लिहिले नाहीस, पण मी ओळखले. तुला दुसऱ्या कोणाची गरजच पडली नाही. माझी कोण लावणार? गजेंद्र बागेत फवारणी करताना उलटी करतो असा नाजूक. उर्वशीपुढे मी पोट उघडे करणार नाही, ती माझ्या लेकीसारखी असली तरी नाही. लेकीपुढेही केले नसते. परका माणूस पगारावर ठेवायचा? जयवंता असती तर तिने पदर खोचला असता आणि मला दोन शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्या कुठून आणू? बाईंनी विचारलेला शेवटचा प्रश्नच खरा आहे. ज्याच्या घरी माणूस आहे त्याने जगावे. मी बागेत बसतो. यंदा फळ कमी आहे पण रंग चांगला धरला आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. वहिनींना नमस्कार, त्यांचा राग नाही.

नत्थू

---

सौंसर,
दि. २१ ऑक्टोबर २०२५
(पोस्टकार्ड)

नत्थूस,

तुझी पिशवी मी लावीन. गुरुवारी सकाळच्या बसने येतो, जेवून संध्याकाळी परत. आठवड्यातून दोनदा बदलावी लागते. गुरुवार माझा. सोमवारसाठी गजेंद्रला महिनाभरात तयार करतो. उलटी झाली तर होऊ दे, नंतर होत नाही. रोज रिकामी करणे तुझे तुला जमेल. मी साडेपाच वर्षांचा अनुभवी आहे, काळजीचे कारण नाही.

बाईंना मोठ्या ऑपरेशनची तारीख माग. उशीर केलास तर मी पिशवी घेऊन कोणाकडे जाऊ?

माझ्यावर रागावण्यासाठी तरी जग.

सुखदेव

---

पांढुर्णा,
दि. १ डिसेंबर २०२५

सौ. वत्सलावहिनी यांस,
स. न. वि. वि.

वहिनी, तुम्हाला मी कधी पत्र लिहिले नाही. आजवर पाकिटावर सुखदेवचे नाव असे आणि आत तुम्हाला एक नमस्कार. आज पाकिटावरही तुमचेच नाव आहे.

ऑपरेशन ३ नोव्हेंबरला झाले ते तुम्हाला माहीतच आहे. काल रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ. सोळा गाठी तपासल्या, सोळाही निर्मळ. तुमच्या यजमानांच्या चौदा होत्या, हे त्यांना माझ्याकडून आवर्जून सांगा. औषधाची गरज नाही, तीन महिन्यांनी तपासणी. खर्रा सुटला. रक्त दहावर आले. उर्वशी पालक आणि गुळाच्या मागे लागली आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. सुखदेवचे कौतुक त्याच्या तोंडावर करणे मला जमत नाही, म्हणून तुमच्याकडे करतो.

घरी आलो तेव्हा आठ दिवस मी त्या जागेकडे पाहिले नव्हते. नर्सने बदलले, मी छताकडे पाहत होतो. पहिल्या गुरुवारी सुखदेव आला. कोमट पाणी, मऊ कापड, कात्री, पिशवी बसवायची चकती सगळे ओळीने मांडले, पोस्टात शिक्के मांडत असेल तसे. गजेंद्र दारात उभा, तोंडाला रुमाल. सुखदेवने त्याला रुमाल खिशात टाकायला सांगितले. मी मान फिरवली. तर या माणसाने माझी हनुवटी धरली आणि तोंड वळवले, आणि म्हणे काहून लाजून राहिला बे, पाहा, तुझेच आहे, याच्या भरवशावर तू वाचला.

मी पाहिले. वहिनी, मला वाटले होते काही भयंकर असेल. लाल, ओली, गुलाबाच्या कळीएवढी जागा. जिवंत. मी रडलो, आणि सुखदेव ओरडला की पोट हलवू नको, चकती वाकडी बसते. गजेंद्र हसला. ऑपरेशननंतर आमच्या घरात कोणी हसले ते त्या वेळी.

चकती बसवायला त्याला जरा वेळ लागतो, पण मन किती घट्ट! पाच वर्षे रोज स्वतःकडे पाहणाऱ्यालाच हे जमते. मी नऊ वर्षांचा एकटा माणूस, तुमच्या जोडीचा हेवा करत आलो. आता नुसता त्याच्या धीटपणाचा करतो. असा नवरा मिळाला, तुम्ही भाग्यवान.

तुमच्या हातच्या करंज्या पोचल्या. माझ्यावर आजवर जेवढी आपुलकी ठेवली तेवढीच पुरेल.

तुमचा,
नत्थूभाऊजी

---

सौंसर,
दि. ५ डिसेंबर २०२५

ती. स्व. नत्थूभाऊजी यांस,
वत्सलाचा सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र आले तेव्हा हे घरी नव्हते, बरे झाले. माझ्या नावाचे पत्र मला किती वर्षांनी आले असेल, पोस्टमनही दोनदा पाहून गेला. सोळा गाठी वाचून जीव भांड्यात पडला. यांना सांगितले. म्हणाले की दोन जास्त काढायला डॉक्टरांना त्याच्याच पोटात मिळाल्या का? पण मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ एकटे उभे होते.

मी तुमच्यासारखी लिहिणारी नाही. जे आहे ते सांगते. हे यांना कळू देऊ नका.

भाऊजी, या माणसाने साडेपाच वर्षांत एकदाही तिकडे पाहिले नव्हते. मीच सगळे करत होते. आठवड्यातून दोनदा, सकाळी. हे भिंतीकडे तोंड करून निजायचे आणि डोळ्यांवर हात ठेवायचे. रिकामी करायची तीही मीच. मी किती वेळा म्हटले की एकदा पाहून घ्या, मी आजारी पडले तर काय कराल? माझ्या बहिणीच्या घरच्या लग्नाला मी दोन रात्री राहू शकले नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर, की तू आहेस ना.

तुमचे ते पत्र आले, जयवंतावहिनींच्या शिव्यांचे. हे वाचत बसले आणि दुपारी त्यांनी तुम्हाला कार्ड टाकले की मी लावीन. मला विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या वेळी आतून मला हाक मारली. कपाटाचा आरसा काढून खाली भिंतीला टेकवून ठेवला होता, समोर पाटावर बसले होते, कुडता वर करून. म्हणाले की तू हात लावू नको, नुसते तोंडाने सांग. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तोंड पांढरे पडले होते. मी पाणी देऊन राहिले तर मला बाहेर घालवले. दोन आठवड्यांत चार चकत्या वाया घालवल्या. पाचवी बसली. तुम्हाला अनुभवी म्हणून लिहिले तेव्हा त्यांना कात्री कुठे असते हेही माहीत नव्हते.

आता सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मला काही काम नसते. सवयीने पाणी कोमट करते आणि मग आठवते. खुशी आहे, नाही असे नाही. पण भाऊजी, साडेपाच वर्षे मी हात जोडून सांगितले ते यांनी माझ्यासाठी केले नाही. तुमच्यासाठी दोन आठवड्यांत केले. तुम्ही लिहिता की मी भाग्यवान. मला तुमचा हेवा वाटतो. या वयात नवऱ्याच्या मित्राचा हेवा करावा लागतो, हे कोणाला सांगू, म्हणून तुम्हालाच सांगितले.

काल गुरुवार होता. सकाळी सहालाच तयार होऊन बसस्टँडवर गेले, बस सातची. जाताना गुणगुणत होते, तुमच्या शाळेतले काहीतरी. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, मी यांचा आवाज असा मोकळा ऐकला नव्हता.

गुरुवार तुमचा ठेवा, मी हरकत घेत नाही. बाकीचे सहा दिवस माझे आहेत, ते मागू नका.

वत्सला